लाँगवूड: जिन्यापाशी थांबलेलं घर

मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावाच्या कडेला लाँगवूड नावाचं एक घर आहे. त्याच्या तळमजल्यावर सगळं जागच्या जागी आहे. भिंतींना गिलावा, गिलाव्यावर रंग, जुने पलंग, कपाटं, जेवणाचं टेबल. जिना चढून वर गेलं की हे सगळं एकदम संपतं. वर नुसत्या विटा, उघड्या तुळया, लाकडाचा सांगाडा. कोपऱ्यात कारागिरांची हत्यारं, रंगाचे डबे आणि सामान ज्यातून आलं ती खोकी पडून आहेत. १८६१ पासून. ३२ खोल्या व्हायच्या होत्या, त्यातल्या ९ झाल्या, आणि त्या नऊच्या नऊ तळमजल्यावर.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं घर म्हटलं की आपल्याला पांढऱ्या उंच खांबांची रांग आठवते. पुढे हिरवळ, ओक झाडांची कमान, गच्चीत झुलती खुर्ची. या घरांचं रूप इतकं गुळगुळीत असतं की ते उभं कुणी केलं, पैसा कुठून आला, हे प्रश्न मनात यायलाच वेळ लागतो. लाँगवूडला तो गुळगुळीतपणा लाभलाच नाही. त्याची हाडं उघडी राहिली. म्हणून दक्षिणेतल्या घरांचा अभ्यास एकाच घरावरून करायचा म्हटला तर मी हेच घर घेईन. आणि या घरात एकच जागा बघायची म्हटली तर तो जिना. वरचे मजले अडले ते ज्यांना निघून जाता आलं त्यांच्यामुळे. तळमजला पुरा झाला तो, बहुतांशी, ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं त्यांच्यामुळे. ही रेषा त्या घराच्या कुठल्याही आराखड्यात नव्हती.

कापसाचं गाव

नॅचेझ मिसिसिपी नदीच्या काठावर, सुमारे दोनशे फूट उंच कड्यावर वसलेलं आहे. यादवी युद्धाच्या आधी इथे जितकी श्रीमंती होती तितकी अमेरिकेतल्या फार थोड्या गावांत असेल. गंमत अशी की इथल्या धनिकांची शेती बऱ्याचदा इथे नव्हतीच. मळे नदीपलीकडे लुइझियानाच्या सपाट गाळाच्या जमिनीत, आणि राहती घरं अलीकडे कड्यावर, जिथे पूर येत नाही आणि वारा लागतो. आपल्याकडे वतनाची गावं एकीकडे आणि वाडा पुण्यात, तसलाच हा प्रकार.

या गावात घर बांधणं ही चढाओढ होती. १८१२ सालचं ऑबर्न त्यातल्या गोल जिन्यासाठी नावाजलेलं. १८४० च्या दशकातलं मेलरोझ. मग स्टँटन हॉल, जो १८५७ मध्ये पुरा झाला आणि ज्याचा मालक त्यानंतर दोन वर्षांत वारला. बहुतेकांचा साचा ग्रीक देवळाचा. समोर खांब, वर त्रिकोणी शिखर, मध्ये रुंद बोळ, दोन्ही बाजूंना उंच छताच्या खोल्या. उंच छत आणि आरपार बोळ हे दमट उन्हाळ्यावरचं उत्तर होतं. खांब हे कशावरचं उत्तर होतं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गावाच्या पूर्वेला, रस्ते फुटतात त्या ठिकाणी, ‘फोर्क्स ऑफ द रोड’ नावाचा माणसांचा बाजार भरत असे. १८३३ मध्ये रोगराईच्या भीतीनं गुलामांच्या व्यापाऱ्यांना शहराच्या हद्दीबाहेर काढलं, आणि तो धंदा या नाक्यावर येऊन स्थिरावला. न्यू ऑर्लिन्सनंतर खालच्या दक्षिणेतला हा मोठा बाजार. व्हर्जिनिया, मेरिलंडकडून माणसं शेकडो मैल चालवत आणली जात आणि इथून मळ्यांवर विकली जात. १८६० च्या शिरगणतीत मिसिसिपी राज्यात ४,३६,६३१ गुलाम मोजले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त.

लाँगवूड बांधायला घेणारा हॅलर नट हा या व्यवस्थेच्या अगदी मधोमध वाढलेला माणूस. त्याचे वडील रश नट डॉक्टर होते, पण त्यांचं नाव राहिलं ते कापसामुळे. ‘पेटिट गल्फ’ या वाणाचं श्रेय त्यांना दिलं जातं. बोंडं रोगाला कमी बळी पडत आणि कापूस बोंडातून सहज निघे. वेचणी सोपी झाली हे शेतकऱ्याच्या कानाला चांगलं लागतं. तिथे मात्र तिचा अर्थ एवढाच होता की एका माणसाकडून दिवसाला अधिक वजनाची अपेक्षा करता येऊ लागली. मुलगा व्हर्जिनियात शिकला, परतला आणि जमिनी वाढवत गेला. त्याच्या अराबी मळ्याची १८४३ ते १८५० ची रोजनिशी आज ड्यूक विद्यापीठात आहे. १८६० च्या सुमारास त्याच्याकडे ४० हजार एकरांहून जास्त जमीन आणि सुमारे ८०० गुलाम होते असं सांगितलं जातं. त्याच्या संपत्तीचा हिशेब करताना हे दोन आकडे वेगळे काढता येत नाहीत, कारण त्या काळच्या वहीत दुसरा आकडा हाही मालमत्तेचाच होता.

१८४० मध्ये त्याचं लग्न ज्युलिया विल्यम्सशी झालं. दहा वर्षांनी त्यानं लाँगवूडची जागा घेतली.

आठ कोन आणि एक कांदा

आता घराच्या आराखड्याकडे येऊ. खरी मजा इथे आहे.

१८४८ मध्ये ऑर्सन फाउलर नावाच्या माणसानं अष्टकोनी घरांचा पुरस्कार करणारं पुस्तक काढलं. हा गृहस्थ वास्तुतज्ज्ञ नव्हता. डोक्याच्या कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणं हा त्याचा व्यवसाय. पण गणित त्याचं बरोबर होतं. शंभर फूट लांबीची भिंत घ्या. चौरसात ती ६२५ चौरस फूट जागा वेढते, अष्टकोनात जवळजवळ ७५४. म्हणजे तेवढ्याच विटांत वीस टक्के जागा जास्त. शिवाय आठ दिशांना खिडक्या, आणि कोंदट कोपरे कमी. अमेरिकेत या कल्पनेची लाट आली आणि ठिकठिकाणी अष्टकोनी घरं उभी राहिली. फाउलरच्या डोळ्यांसमोर सामान्य माणसाचं स्वस्त घर होतं. त्याच्या कल्पनेचं देशातलं सर्वांत मोठं रूप म्हणून जे घर ओळखलं जातं ते मात्र शेकडो गुलामांच्या मालकाचं.

अष्टकोनाची खोडही आहे. आतल्या खोल्या चौकोनी ठेवल्या तर मध्ये तिरके त्रिकोण उरतात, ज्यांत धड पलंग मावत नाही. मग तिथे कपाटं, कोठ्या, जिने खुपसावे लागतात. ज्यांनी कधी तिरक्या प्लॉटवर घराची आखणी केली आहे त्यांना ही डोकेदुखी सांगायला नको.

फिलाडेल्फियाचा वास्तुतज्ज्ञ सॅम्युएल स्लोन घरांच्या नमुन्यांची पुस्तकं छापत असे. गिऱ्हाइकानं पान उघडायचं, बोट ठेवायचं, ‘असं हवं’ म्हणायचं. नटनं असंच एका ‘ओरिएंटल व्हिला’वर बोट ठेवलं. अष्टकोनी इमारत, भोवती कोरीव लाकडी व्हरांडे, आणि माथ्यावर कांद्याच्या आकाराचा मोठा घुमट.

हा ‘ओरिएंट’ नेमका कुठला, असं विचारलं तर उत्तर गोंधळाचं आहे. इंग्लंडमधल्या सेझिनकोट या घराला मुघल घुमट आला, कारण ते ईस्ट इंडिया कंपनीत पैसा करून परतलेल्या माणसाचं घर होतं. त्याच्यावरून ब्रायटनच्या राजवाड्याला तसले घुमट आले. ब्रायटनवरून अमेरिकेत सर्कसवाल्या बार्नमनं १८४८ मध्ये कनेक्टिकटमध्ये ‘इराणिस्तान’ बांधलं, जे १८५७ मध्ये जळून गेलं. लाँगवूड या माळेतला नंतरचा मणी. आग्र्याहून निघालेली गोष्ट कानगोष्टीसारखी पुढे जात मिसिसिपीत पोचली तेव्हा तिच्यात थोडं इराण, थोडं मोरोक्को आणि बरंचसं फिलाडेल्फिया मिसळलं होतं. विजापूर बघितलेल्या माणसाला हा घुमट जरा नाटकातल्या पडद्यासारखाच वाटेल. गोल घुमटाचं वजन भिंती पेलतात आणि ते पेलणं दिसतं. हा लाकडाचा, हलका, दुरून दिसण्यासाठीच चढवलेला.

तरी स्लोनला हसण्यावारी नेता येत नाही. घुमटाखाली त्यानं जे योजलं होतं ते हुशारीचं होतं. घराच्या मध्यभागी एक अष्टकोनी दालन तळापासून वरपर्यंत उघडं, आणि प्रत्येक मजल्यावरच्या खोल्या त्याच्याभोवती. वाड्यातला चौक आठवा आणि त्यावर झाकण ठेवा. उन्हाळ्यात तापलेली हवा या उभ्या विहिरीतून वर चढणार, वरच्या खिडक्यांतून बाहेर पडणार, आणि तिच्या जागी सावलीतल्या व्हरांड्यांतून, थंड तळमजल्यातून हवा आत ओढली जाणार. पंख्याविना वारा. प्रकाशाचा प्रश्न होताच, कारण मधलं दालन चहूबाजूंनी खोल्यांनी वेढलेलं. त्यासाठी वरच्या मजल्यावर येणारं ऊन आरशांनी खाली पाठवायचं असा बेत होता. थंडीसाठी २६ शेकोट्या. सगळं मिळून सुमारे ३० हजार चौरस फूट, आणि घुमट धरून सहा मजले.

आरसे कधी बसले नाहीत. मला या घरातली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट ती वाटते. खोल्या अपुऱ्या राहिल्या तर राहू देत. पण ती युक्ती चालली असती का, हे बघायला मिळायला हवं होतं.

दोन प्रकारचे हात

कामाची सुरुवात गुलामांनी केली. पाया खणला, माती काढली, जागेवरच भट्ट्या लावून विटा भाजल्या. साडेसात लाखांच्या आसपास विटा. एवढ्या विटा थापायच्या, वाळवायच्या, रचायच्या, भाजायच्या आणि वाहून न्यायच्या म्हणजे काय, हे वीटभट्टीवर एक दिवस उभं राहिलेल्या माणसाला कळेल. त्यांतल्या कुणाचं नाव घराच्या कुठल्याही भिंतीवर नाही.

मग फिलाडेल्फियाहून कारागीर आले. गवंडी, सुतार, पत्र्याचं काम करणारे, रंगारी. बरंचसं तयार सामानही उत्तरेतून येत होतं. देखरेखीला स्लोननं ॲडिसन हटन नावाचा पंचविशीतला सहायक पाठवला. तो पुढे स्वतः मोठा वास्तुतज्ज्ञ झाला. हटन क्वेकर पंथाचा, आणि पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेकरांचा गुलामगिरीला विरोध जुना. त्या पंथाचा तरुण ज्या जागेवर उभा राहून मापं तपासत होता तिथे मजुरी मिळणारे आणि मजुरी माहीत नसलेले, दोघंही एकाच भिंतीवर काम करत होते.

घराचं अर्थकारण या जोडणीवर उभं होतं. कौशल्य उत्तरेचं, रोजावर घेतलेलं. कष्ट दक्षिणेचे, विकत घेतलेले. आणि दोन्हींचा खर्च कापसातून, जो लिव्हरपूलला विकला जात होता. तीन धाग्यांपैकी एक तुटला तरी काम थांबणार हे आज आपल्याला लख्ख दिसतं. नटलाही दिसायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. काम सुरू झालं त्याच वर्षाच्या शेवटी लिंकन निवडून आला. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी संघराज्यातून फुटलं. तरी भिंती चढतच होत्या. बांधकामाला एकदा हात घातला की माणूस थांबत नाही, हे आपण आपल्या गावात रोज बघतो.

१२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध पेटलं. फिलाडेल्फियाचे कारागीर आता शत्रूच्या मुलखात होते. ते घरी गेले. हत्यारं टाकून गेले, असं सांगितलं जातं, आणि वरच्या मजल्यावरची हत्यारं बघता ते खोटं म्हणवत नाही. बाहेरून घर जवळपास पुरं झालं होतं. भिंती, छप्पर, घुमट, व्हरांडे. आत काहीच नव्हतं.

मग नटनं हाताशी उरलेल्या माणसांकडून, म्हणजे गुलाम आणि स्थानिक कामगार यांच्याकडून, तळमजला राहण्याजोगा करून घेतला. १८६२ मध्ये कुटुंब तिथे राहायला आलं. त्या खोल्या मुळात मुलांच्या शाळेसाठी, बिलियर्डसाठी, कचेरीसाठी आखलेल्या होत्या. त्यांत आता निजायचं, जेवायचं, सगळंच. वर पाच मजली पोकळी आणि खाली भरलेलं घर.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दक्षिणेतल्या मोठ्या घरांबद्दल बोलताना नाजूक काम बाहेरच्या कारागिरांचं आणि दगडमातीचं काम गुलामांचं, अशी वाटणी सर्रास केली जाते. लाँगवूडचा तळमजला ती वाटणी मोडतो. शेवटचा हात फिरवायची कामं, गिलावा, दारं, रंग, ही फिलाडेल्फियाची माणसं गेल्यावर झाली. ज्यांनी ती केली त्यांच्यात गुलामही होते. खाली जे पूर्ण दिसतं त्यातलं किती त्यांच्या हातचं, हे सांगणारा कागद नाही. भिंत आहे.

नट कुटुंबाची शोकांतिका, आणि तिच्यात न मावणारी माणसं

हॅलर नट संघराज्याच्या बाजूचा होता. गुलामांचा मालक आणि फुटून निघण्याच्या विरोधात, असे लोक नॅचेझच्या धनिकांत बरेच होते. त्यांना युद्ध नको होतं, कारण युद्धात मळे बुडणार हे त्यांना दिसत होतं. झालंही तसंच. दक्षिणेच्या सैन्यानं कापूस शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाळला. १८६३ च्या वसंतात संघराज्याचा सेनापती ग्रँट याचं सैन्य व्हिक्सबर्गकडे सरकताना लुइझियानाच्या बाजूनं गेलं, ते नटच्या मळ्यांवरूनच. धान्य, जनावरं, लाकूड, लागेल ते घेतलं गेलं. त्याचं विंटर क्वार्टर्स नावाचं मळ्यावरचं घर वाचलं, आणि ते आजही लुइझियानात उभं आहे. जुलै १८६३ मध्ये संघराज्याच्या फौजा नॅचेझमध्ये आल्या.

जून १८६४ मध्ये हॅलर नट न्यूमोनियानं वारला. अठ्ठेचाळिशीच्या आतबाहेरचा. घरच्यांचं म्हणणं, तो खचून मेला. ज्युलिया मुलांना घेऊन त्याच तळमजल्यात राहिली, आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत तिथेच होती. तेहेतीस वर्षं. डोक्यावर घराचे रिकामे, अर्धवट मजले.

सरकारनं १८७१ मध्ये एक आयोग नेमला. युद्धात संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या दक्षिणेतल्या लोकांचं जे सामान सैन्यानं घेतलं त्याची भरपाई देण्यासाठी. नट कुटुंबानं दावा लावला आणि वर्षानुवर्षं लढवला. काही पैसा मिळाला, घर पुरं होण्याइतका नाही.

ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे आणि पर्यटकांना पिढ्यान् पिढ्या तशीच सांगितली गेली. खचलेला बाप, तळमजल्यातली विधवा, गेलेलं वैभव. १९३२ पासून नॅचेझमध्ये वसंत ऋतूत जुनी घरं लोकांसाठी उघडली जातात, त्याला तिथे ‘पिल्ग्रिमेज’ म्हणतात, म्हणजे यात्रा. घेरदार झगे घातलेल्या बायका दारात स्वागताला. आपल्याकडे पेशवाईच्या नावानं होणारे फेटे-नथींचे कार्यक्रम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या प्रकाराची जात लगेच ओळखू येईल. दु:ख खरं असू शकतं आणि तरी ते सांगण्याची रीत लबाड असू शकते. त्या आयोगापुढे जनावरांची, मक्याची, कुंपणाच्या लाकडांची किंमत मागता येत होती. ज्यांनी तो मका पिकवला त्यांच्या वर्षांची किंमत मागायला त्यात रकानाच नव्हता.

फोर्क्स ऑफ द रोडच्या बाजाराचं काय झालं, तेही याच वर्षांतलं. संघराज्याच्या फौजा आल्यावर गुलामीतून सुटलेले कित्येक जण सैन्यात भरती झाले, आणि त्या काळ्या सैनिकांनी बाजाराचे कोंडवाडे मोडून त्याचं लाकूड छावणीसाठी वापरलं. नॅचेझमध्ये त्या काळी झालेलं हे बांधकाम मला लाँगवूडइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याचा फोटो नाही, आराखडा नाही, आणि ते पूर्ण झालं.

दुसऱ्या टोकाला मुंबई

लाँगवूडचा धागा आपल्यापर्यंत येतो, आणि तो ओढूनताणून आणावा लागत नाही.

१८६० च्या आधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे ७७ टक्के अमेरिकेतून जात होता. कंपनी सरकारला हे परावलंबन आधीपासून खुपत होतं. १८४० मध्ये कॅप्टन बेल्स नावाच्या अधिकाऱ्यानं मिसिसिपीच्या खोऱ्यातून दहा मळेवाले पगारावर हिंदुस्थानात आणले, बियाणं आणि सरकी काढायची यंत्रं यांसकट. त्यातले काही मुंबई इलाख्याच्या वाट्याला आले. धारवाडकडे अमेरिकन वाण काहीसं रुजलं, बाकी प्रयोग फसला. पाऊस वेगळा, जमीन वेगळी, आणि इथल्या कुणब्यावर मुकादमाचा चाबूक चालवून शेती करता येत नव्हती.

मग युद्ध आलं. अमेरिकेच्या बंदरांना नाकेबंदी झाली, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्याच काळातल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, कंपन्या निघाल्या, बॅकबेची जमीन समुद्रातून वर यायच्या आधीच तिचे शेअर पाच हजारांचे पन्नास हजारांवर गेले. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली यानं शरणागती पत्करली. भाव कोसळले. १ जुलैला सौद्यांची मुदत भरली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या.

त्या तेजीतले दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंदांनी आधीच देऊन ठेवले होते, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. ते स्वतः बुडाले, पण मनोरा झाला. १८६९ मध्ये पाया, १८७८ मध्ये पूर्ण. राजाबाई टॉवरकडे ओव्हल मैदानातून नीट बघा: खालचा भाग चौकोनी आहे, आणि एका गच्चीनंतर तो अष्टकोनी होतो. नॅचेझमधला अष्टकोन ज्या युद्धानं अडवला त्याच युद्धाच्या पैशावर हा चढला.

वऱ्हाड-खानदेशाकडून घाटाखाली पैसा वाहिला तसा देशावर कर्जाचा डोंगर उरला. तेजीत सावकारांनी हात सैल सोडला होता, मंदीत आवळला. त्यात वाढीव सारा आला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. त्याला फक्त नॅचेझ जबाबदार म्हणणं वेडेपणाचं होईल. पण दरांचा तो झोका तिकडून सुटला होता.

पुरं करायचं की नाही

१९६८ पर्यंत घर नट कुटुंबाच्या वारसांकडे होतं. मग ते टेक्सासच्या मॅकॲडम्स फाउंडेशननं घेतलं, आणि १९७० मध्ये नॅचेझच्या पिल्ग्रिमेज गार्डन क्लबला दिलं. मध्ये १९६९ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. क्लबला घर देताना अट एकच: ते कधीही पूर्ण करायचं नाही.

जतन करणाऱ्यांच्या दृष्टीनं ही अट वाटते तेवढी साधी नाही. पूर्ण इमारत जपायची म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. जुनं झालं की तसंच नवं बसवा. अपूर्ण इमारत जपायची तर दर वेळी प्रश्न येतो की आपण दुरुस्ती करतोय की कामच पुढे नेतोय. गळकं छप्पर दुरुस्त करावंच लागतं. उघड्या तुळयांना वाळवी लागली तर तुळई बदलायची. पण नव्या तुळईवर १८६१ ची करवत कुठून आणायची? गिलाव्याविना राहिलेल्या विटेला दमटपणा जास्त खातो, कारण ती गिलाव्याखाली जाणार असं धरूनच रचलेली. घुमटावरचा कळस हवेनं गेला आणि आता त्या जागी फायबरग्लासचा आहे. खालून फरक कळत नाही. त्या नाटकी घुमटाला ते शोभतंही, असं माझ्यातला खवचट माणूस म्हणतो.

पुरं करणं शक्य आहे. स्लोनचे नकाशे छापलेले आहेत. आरसेसुद्धा बसवता येतील, आणि मघाशी लिहिलं तसं मला ते बघायला आवडलं असतं. तरीही अट बरोबर आहे असं माझं मत आहे. पूर्ण केलं तर नॅचेझमध्ये आणखी एक श्रीमंताचं घर वाढेल, इतकंच. गिलाव्याखाली विटा जातील, आणि विटांबरोबर त्या भाजणारेही. आज वरच्या मजल्यावर उभं राहिलं की घराची चिरफाडच समोर असते: भिंत किती जाड, तुळया कशा टेकवल्या, शेकोटीचा धुराडा भिंतीतून कसा वळवला. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवतं. आपल्याकडे मोडकळीला आलेल्या वाड्यात जेव्हा कडीपाट उघडा पडतो तेव्हाच कळतं की सुतारानं सांधा कसा घातला होता. फक्त तिथे ते कळेपर्यंत वाडा गेलेला असतो.

तक्रार आहे ती खालच्या मजल्याबद्दल. तिथे नट कुटुंबाचं फर्निचर मांडलेलं आहे आणि नजर फर्निचरवर जाते. माझ्या मते त्या खोल्यांत एक भिंत तरी फर्निचरविना ठेवावी आणि नुसता गिलावा दाखवावा. फोर्क्स ऑफ द रोडची जागा २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आली. तिथे इमारत एकही नाही. जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या आहेत. दोन्ही जागा एकाच दिवशी बघता येतात, आणि तशाच बघाव्यात. आधी नाका, मग घर.

लाँगवूडची फेरी तळमजल्यापासून सुरू होते. पाहुणे खोल्यांतून फिरतात, जिना चढतात, पहिल्या अपूर्ण मजल्यावर मधल्या दालनात येऊन थांबतात. तिथून मान वर केली की एकावर एक मजल्यांचे रिकामे अष्टकोन आणि शेवटी घुमटाचा उजेड. पुढचे मजले पाहुण्यांसाठी नाहीत. सुतार जिथवर पोचले होते तिथपर्यंतही न जाता लोक त्याच जिन्यानं खाली उतरतात.